जळण कोणी बदललं?

जळगावच्या काव्यरत्नावली चौकात संध्याकाळी चहाला जमणाऱ्या विज्ञानकथाप्रेमी पोरांमध्ये सध्या एका पन्नास वर्षं जुन्या मालिकेवरून दोन तट पडले आहेत. मालिका ‘स्पेस: १९९९’. तिच्या साफसूफ केलेल्या प्रती आता सहज मिळतात, त्यामुळे ज्यांचे आईवडीलही तेव्हा शाळेत होते अशी मुलं आज दोन्ही सीझन सलग बघतात आणि मग भांडतात. एक तट म्हणतो, पहिला सीझन म्हणजे चिंतन आणि दुसरा निव्वळ पोरखेळ. दुसरा तट म्हणतो, पहिला बघताना डोळा लागतो, दुसऱ्यात निदान माणसं हसतात तरी. मधूनच कोणी शहाणा उठतो आणि ‘बदल हा निसर्गाचा नियम आहे’ असं म्हणून चहा संपवतो. आणि सगळ्यांच्या वर एक उसासा: पह्यलेसारखं नही राह्यलं, भो!

पह्यलेसारखं राहिलं नाही हे खरंच आहे. पण ‘टोन बदलला’ ही तक्रारच मुळात अर्धवट आहे. टोन म्हणजे कोणी बटण फिरवून गंभीरचा हलका करतो अशी वस्तू नाही. पैसा, सेट, संगीत, हाताशी असलेले दिवस आणि माणसं यांच्यातून तो तयार होतो. दुसरा सीझन हसरा झाला हा त्याचा गुन्हा नव्हे. पहिल्यानं जो प्रश्न मांडला होता तो दुसऱ्यानं बहुतेक ठिकाणी कुणाला न सांगता सोडून दिला, हा गुन्हा आहे. जिथे सोडला नाही, तिथे हाच हलका टोन उत्तम चालला. दोन्ही तट हे बघतच नाहीत.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन या ब्रिटिश दांपत्यानं ती पाइनवुड स्टुडिओत काढली, आणि पहिला भाग ब्रिटनमध्ये १९७५ च्या सप्टेंबरात लागला. चंद्रावर साठवलेल्या अणुकचऱ्याचा १३ सप्टेंबर १९९९ रोजी स्फोट होतो, चंद्र पृथ्वीची कक्षा सोडून अवकाशात भरकटतो आणि मूनबेस अल्फा या तळावरची ३११ माणसं त्याच्याबरोबर वाहत जातात. कमांडर कोनिगच्या भूमिकेत मार्टिन लँडाऊ, डॉक्टर हेलेनाच्या भूमिकेत बार्बरा बेन (हे दोघं तेव्हा नवरा-बायको होते) आणि प्रोफेसर बर्गमनच्या भूमिकेत बॅरी मॉर्स. २४ भागांनंतर दुसरा सीझन आला तो फ्रेड फ्रायबर्गर या अमेरिकन निर्मात्याच्या हाताखाली. बर्गमन गायब झाला. मनात येईल त्या प्राण्याचं रूप घेणारी माया ही परग्रहावरची मुलगी आली. टोनी नावाचा सुरक्षाप्रमुख आला, जो तळावर घरगुती बिअर गाळतो आणि जिची चव सगळ्यांना भयंकर वाटते. आणखी २४ भाग झाले आणि मालिका थांबली.

आता भरताकडे येऊ, कारण या वादाची नेमकी गंमत खान्देशी माणसाला भरतावरूनच कळेल. बामणोदची मोठी हिरवट-पांढरी वांगी पऱ्हाट्यांच्या आगीवर टाकतात. कपाशीची वाळलेली काडी भसकन पेटते, जाळ वांग्याला चारही बाजूंनी वेढतो, साल काळं होऊन फुटतं, आतला गर स्वतःच्याच वाफेत शिजतो आणि त्यात धूर मुरतो. मग साल काढून गर बडगीत घालायचा आणि हिरवी मिरची-लसणाबरोबर ठेचायचा. आता हेच वांगं गॅसवर ठेवा. जाळ फक्त खालून आणि अरुंद लागतो; साल ठिपक्या-ठिपक्यांनी जळतं, देठाकडचा गर कच्चा राहतो, धूर तर नाहीच. भरीत पाणचट होतं. मग करणारा काय करतो? मिरची वाढवतो. खाणारा म्हणतो, तिखट केलं म्हणून बिघडलं. आचाऱ्याला सगळे धरतात. जळण कोणी बदललं हे कोणी विचारत नाही.

‘स्पेस: १९९९’चं जळण काय बदललं ते पाहा. पहिल्या सीझनमधलं मुख्य दालन ‘मेन मिशन’ हा दुमजली, उंच छताचा सेट होता. मागे सज्जा, मोठाल्या खिडक्या आणि त्यांतून दिसणारा चंद्राचा ओसाड पृष्ठभाग. कमांडरची खोली त्याच दालनाला लागून. मोठा दरवाजा सरकला की दोन्ही मिळून एकच प्रचंड जागा व्हायची. एवढ्या जागेत कॅमेरा मागे घ्यावाच लागतो. माणूस चौकटीत लहान दिसतो, त्याच्या भोवती रिकामं पांढरं अवकाश उरतं आणि संवाद थांबला की ती शांतता ऐकू येते. दुसऱ्या सीझनला हे दालन गेलं आणि लहान, ठेंगणं ‘कमांड सेंटर’ आलं. खिडक्या गेल्या. कॅमेरा चेहऱ्यांजवळ आला, पडदे लुकलुकू लागले. छोट्या खोलीत पाच माणसं उभी केली की कोणीतरी बोलायलाच लागतं, कारण तिथली शांतता गूढ वाटत नाही, कोणी संवाद विसरल्यासारखी वाटते. संगीताचंही तसंच. बॅरी ग्रे यांच्या भव्य वाद्यवृंदाऐवजी डेरेक वॉड्सवर्थ यांचं ठेक्यावर धावणारं संगीत आलं. रूडी गर्नराइश यांनी आखलेला स्त्री-पुरुषांना सारखाच, फिकट रंगाचा साधा गणवेश होता. त्यावर आता रंगीत जाकिटं आणि बिल्ले चढले.

आणि दिवस. पहिल्या सीझनचं चित्रीकरण डिसेंबर १९७३ ते फेब्रुवारी १९७५ चाललं, म्हणजे २४ भागांना पंधरा महिने. दुसऱ्याचं जानेवारी १९७६ ते डिसेंबर १९७६, तेवढ्याच भागांना अकरा महिने. हिशोब मांडला तर भागामागे एकोणीस दिवस होते ते चौदावर आले. तेही कसे जमवले? दोन भाग एकाच वेळी दोन पथकांकडून चित्रित करून. एका भागात लँडाऊ आणि बेन, दुसऱ्यात टोनी आणि माया. म्हणून काही भागांत कोनिग सुरुवातीला आणि शेवटी तोंड दाखवतो आणि मध्ये कुठेतरी यानात असतो किंवा आजारी पडलेला असतो. चाहते यावर ‘व्यक्तिरेखेशी प्रतारणा’ वगैरे मोठे शब्द वापरतात. तो हजेरीपटाचा प्रश्न होता.

पण दुसऱ्या सीझनच्या वकिलांचे दोन मुद्दे टाळून चालणार नाही, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की, बदल केला नसता तर दुसरा सीझनच झाला नसता. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या नेटवर्कनी मालिका घ्यायला नकार दिला होता. ती एकेका स्थानिक केंद्राला सुटी विकावी लागली. पहिल्या सीझननंतर ती जवळपास बंदच झाली होती. तळावर परग्रहावरचं एक पात्र आणायचं, वेग वाढवायचा, माणसांत ओलावा आणायचा, या आश्वासनावरच पैसे पुन्हा सुटले. पडद्यावर न आलेल्या शुद्ध सीझनपेक्षा आलेला अशुद्ध सीझन बरा, हा युक्तिवाद मला मान्य आहे. ज्याला मान्य नाही त्यानं एकदा गावातलं नाट्यमंडळ पदरच्या पैशानं चालवून बघावं.

दुसरा मुद्दा: पहिला सीझन थंड आहे. खरंच आहे. कोनिग आणि हेलेना यांच्यात काही आहे की नाही हे कळायला भागामागून भाग जातात. माणसं एकमेकांशी अहवाल वाचल्यासारखी बोलतात. शेवट अनेकदा ‘विश्वात काहीतरी शक्ती आहे’ एवढ्यावर सोडून दिलेले. ते गूढ आहेत की लेखकाला उत्तर सापडलं नाही, हे सांगणं कठीण. विज्ञानाच्या नावानं तर आनंदच. अणुकचऱ्याच्या स्फोटानं चंद्र असा कक्षेबाहेर फेकला जाणार नाही, हे विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव्ह यांनी तेव्हाच ठणकावून सांगितलं होतं. आणि फेकला गेलाच, तरी दर आठवड्याला नवा तारा गाठायचा तर केवढा वेग लागेल! तेव्हा पहिला सीझन म्हणजे ‘खरी विज्ञानकथा’ आणि दुसरा म्हणजे भेसळ, असं म्हणणाऱ्यांनी ही आकडेमोड आधी करावी.

मग राहिलं काय? राहिला तो प्रश्न. पहिल्या सीझनच्या चांगल्या भागांच्या तळाशी एकच विचारणा आहे: आपली उपकरणं, आपलं ज्ञान आणि आपली सत्ता जिथे संपते, तिथे माणसानं कसं वागावं? ‘ब्लॅक सन’मध्ये तळ कृष्णविवरासारख्या गोष्टीकडे ओढला जातोय, करण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि कोनिग व बर्गमन हातात पेला घेऊन गप्पा मारत बसतात. बदललेल्या टोनखाली हा प्रश्न जगला की मेला, ते तपासायची एक साधी रीत आहे. दोन्ही सीझनमधला एकेक राक्षसाचा भाग घ्या आणि पाठोपाठ बघा.

पहिल्यातला ‘ड्रॅगन्स डोमेन’. अवकाशात यानांची एक स्मशानभूमी आहे, तिथे एक शुंडाधारी जनावर दबा धरून बसलंय. ते माणसांना ओढून घेतं आणि जळालेले सांगाडे बाहेर टाकतं. चार जणांच्या मोहिमेतून एकटा टोनी चेलिनी (सुरक्षाप्रमुख टोनी वेगळा) जगून परत येतो. पण त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण त्या जनावराची नोंद एकाही यंत्रावर झालेली नाही. या भागातली भीती सोंडांची नाही. सोंडा तर रबरी आहेत, दिसतात तशा. भीती आहे ती चेलिनीच्या चेहऱ्यावर, चौकशी करणाऱ्यांसमोर बसलेल्या: मी पाहिलं, यंत्रानं पाहिलं नाही, मग खोटं कोण? गावात डॉक्टरकडे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे ऐकून दुखणं घेऊन घरी परतणाऱ्या कुठल्याही बाईला हा भाग समजावून सांगावा लागणार नाही.

दुसऱ्यातला ‘द बीटा क्लाउड’. तळावरची माणसं अनाकलनीय आजारानं आडवी झाली आहेत. परतलेल्या यानातून एक धिप्पाड केसाळ प्राणी उतरतो (आत डेव्हिड प्राउज, जो पुढच्याच वर्षी आलेल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये डार्थ व्हेडरच्या पोशाखात होता) आणि तळाची जीवनरक्षक यंत्रणा न्यायला निघतो. टोनी आणि माया त्याला अडवतात. दरवाजा लावतात, तो मोडतो. वायू सोडतात, तो चालत राहतो. माया रूप बदलते, तोही उपाय हरतो. शेवटी कळतं की हा जिवंत प्राणीच नाही, यंत्र आहे. माया किडा होऊन त्याच्या आत शिरते आणि तारा तोडते. भाग धमाल आहे, पाठलाग चोख आहे. पण त्या प्राण्याच्या जागी कुलूप असतं तरी कथा तशीच चालली असती. अडथळा, उपाय, पुन्हा अडथळा. जे गूढ होतं ते यंत्र निघालं आणि यंत्राची तार तुटली, संपलं. पहिल्या सीझनमध्ये यंत्राला न दिसणारं काहीतरी होतं. इथे सगळं यंत्रच निघतं. मिरची भरपूर, धूर नाही.

इथवर पहिल्या तटाचे लोक माना डोलावत असतील. त्यांनी आता ‘द ब्रिंगर्स ऑफ वंडर’ काढावा. दुसऱ्याच सीझनचा जोडभाग. पृथ्वीवरून यान येतं, त्यातून अल्फावाल्यांचे जुने मित्र, नातलग उतरतात, आणि सगळा तळ आनंदानं वेडा होतो. एकट्या कोनिगला, अपघातानंतर मेंदूवर झालेल्या यंत्रोपचारामुळे, त्यांच्या जागी ओंगळ, गळणारे, लिबलिबीत जीव दिसतात. त्या जीवांना किरणोत्सर्ग हवाय, म्हणून त्यांना तळावरच्याच माणसांच्या हातून चंद्रावरचा अणुकचरा उडवायचा आहे. हलक्या सीझनचा हा भाग: तेच ठेंगणं दालन, तेच धावणारं संगीत, तेच रबरी राक्षस, त्याच चेष्टामस्करी. आणि तरीही मालिकेचा मूळ प्रश्न इथे आहे, नव्हे, ‘ड्रॅगन्स डोमेन’ची ही उलटी बाजू आहे. तिथे एकट्यानं पाहिलेला राक्षस कोणाला पटत नव्हता, इथे सगळ्यांनी मिळून पाहिलेलं सुख एकट्याला पटत नाही. वर कथा पहिल्या भागातल्या त्याच अणुकचऱ्यापाशी परत आली आहे. मग टोन आडवा आला कुठे?

आपल्याकडे ही गोष्ट शतकानुशतकं माहीत आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतात. पूर्वरंगात बुवा एक पद किंवा अभंग घेऊन त्यावर निरूपण करतात: शास्त्र, दृष्टान्त, खंडनमंडन. मध्ये नामस्मरण होतं, आणि उत्तररंगात आख्यान लागतं. मग नकला येतात, विनोद येतात, पेंगणारी पोरं उठून बसतात. म्हणून कोणी म्हणालं का, की उत्तररंगात बुवांनी टोन बदलला आणि कीर्तनाचा पोरखेळ केला? नाही म्हणत, कारण आख्यान संपताना बुवा मूळ पदावर परत येतात. रंग दोन, पद एक. तमाशाचं घ्या. खान्देशातल्या यात्रांत रात्रभर बसणारा माणूस गण भक्तिभावानं ऐकतो, गौळणीत मावशीला हसतो, बतावणीत टाळ्या देतो आणि पहाटेच्या वगात डोळे पुसतो. एका रात्रीत टोन चारदा बदलतो आणि त्याचं तिकीट वसूल होतं. ‘स्पेस: १९९९’चा दुसरा सीझन म्हणजे उत्तररंग होऊ शकला असता. बहुतेक भागांत बुवा पदच विसरले. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर १९१६ सालचं आहे. त्याच जिल्ह्यात राहून ‘गंभीर म्हणजेच खोल’ असं मानणाऱ्या मंडळींनी एखाद्या कीर्तनालाही जरूर बसावं.

मग फ्रायबर्गरचं काय? जगभरच्या चाहत्यांनी त्याला मालिका मारणारा माणूस ठरवलं आहे, कारण ‘स्टार ट्रेक’चा तिसरा आणि अखेरचा सीझनही त्याच्याच हाताखाली झाला. पुरावा पक्का वाटतो. दोन मालिका, दोन्हींचा शेवट, एकच माणूस. पण त्या तिसऱ्या सीझनचा हिशोब कोणी काढतो का? १९६८ मध्ये एन.बी.सी. या अमेरिकन नेटवर्कनं तो शुक्रवारी रात्री दहा वाजता टाकला, जेव्हा मालिकेचा तरुण प्रेक्षक घराबाहेर असतो. पैसे कापले. मूळ निर्माता जीन रॉडनबेरी मागे सरला. म्हणजे आचाऱ्याला बोलावलं तेव्हा चूल विझत आली होती. दोषमुक्त मात्र तो होत नाही. ‘द रूल्स ऑफ ल्यूटन’ हा भाग त्यानं टोपणनावानं स्वतः लिहिला आहे. त्यात कोनिग आणि माया एका ग्रहावर फूल तोडतात, फळ खातात, आणि झाडं त्यांना खुनी ठरवून शिक्षा देतात. ल्यूटन हे इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव, रस्त्यावरच्या पाटीवरून उचललेलं. खुनाचा आरोप करणाऱ्या झाडांची कल्पना वाईट नाही. पण झाडं आरोप करून बाजूला होतात आणि उरलेला वेळ दगडफेक व मारामारी. कल्पनेपाशी थांबायला दिवस नव्हते, हे खरं; थांबायची इच्छा होती असंही दिसत नाही.

इतर मालिकांत दोन्ही तऱ्हेचे दाखले आहेत. ‘लॉस्ट इन स्पेस’ १९६५ मध्ये कृष्णधवल आणि बऱ्यापैकी गंभीर सुरू झाली. १९६६ च्या जानेवारीत समोरच्या वाहिनीवर त्याच वेळेला ‘बॅटमॅन’ लागू लागला, आणि रंगीत झालेला दुसरा सीझन त्याच्या मागे धावत रंगीबेरंगी चाळ्यांत गेला. तिसऱ्यात तर गाजराच्या वेशातला माणूस आला. तिथे हरवलेल्या कुटुंबाचा प्रश्न इतका मागे पडला की ते हरवलेत हेही विसरायला व्हावं. आणि ‘डॉक्टर हू’? १९७६ मध्ये डॉक्टरचं डोकं पाण्याखाली दाबलेलं दाखवून भाग थांबवला, त्यावर टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांनी काहूर उठवलं, बी.बी.सी.ला माफी मागावी लागली आणि नव्या निर्मात्याला हिंसा कमी, विनोद जास्त असं सांगण्यात आलं. हुकमी, वरून लादलेला टोनबदल. यापेक्षा वाईट सुरुवात कोणती? पण त्याच हलक्या काळात, १९७९ मध्ये, विनोदी लेखक डग्लस ॲडम्सचा हात लागलेली ‘सिटी ऑफ डेथ’ झाली आणि ती आजही त्या मालिकेच्या उत्तम कथांत मोजली जाते. विनोद तिथे कथेला जागा करून देतो, कथेची जागा घेत नाही.

शेवटी बर्गमन. माझ्या मते दुसऱ्या सीझनविरुद्धचा सगळ्यांत भक्कम पुरावा माया नाही, बिअर नाही, झाडंही नाहीत. तो हा माणूस आहे. छातीत यांत्रिक हृदय घेऊन फिरणारा, कोनिगचा वडीलधारा मित्र, मालिकेचा प्रश्न तोंडानं विचारणारा एकमेव माणूस. दुसरा सीझन सुरू होतो आणि तो नाही. का नाही, हे कोणी सांगत नाही. कोनिग त्याचं नावही घेत नाही. खराब अवकाशपोशाखामुळे तो दगावला, असं सांगणारं वाक्य दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागाच्या, ‘द मेटामॉर्फ’च्या, पटकथेत होतं. ते कापलं गेलं. ते ठेवायला ना सेट लागला असता, ना पैसे, ना पंधरावा दिवस. घरातलं वडीलधारं माणूस गेल्यावर दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत नदीकाठी ताटकळणाऱ्या मुलखात हे खटकतं, आणि खटकावंच.

आणि ‘द मेटामॉर्फ’ लिहिला कोणी? जॉनी बर्न यांनी, जे पहिल्या सीझनचे पटकथा संपादक होते. दुसऱ्या सीझनचा अखेरचा भागही त्यांचाच. म्हणजे ‘ती माणसंच वेगळी होती’ हीसुद्धा सबब पुरत नाही. पुढे चाहत्यांनी एक छोटी फिल्म काढली, तिची संहिताही बर्न यांनीच लिहिली. १३ सप्टेंबर १९९९ रोजी, मालिकेतल्या स्फोटाच्याच दिवशी, ती लॉस एंजेलिसच्या संमेलनात दाखवली गेली. झिनिया मर्टन पुन्हा सँड्रा बेनेस झाली, जी दोन्ही सीझनमध्ये होती. रिकाम्या होत चाललेल्या तळावर ती एकटी उभी राहून पृथ्वीला शेवटचा निरोप पाठवते. सात-एक मिनिटांची फिल्म आहे. वादाला बसण्याआधी दोन्ही तटांनी ती बघून यावी.